शब्दचर्चा : 'सई' – सखी, सय आणि सही

वेलांटी :
जुनं नाव पुन्हा पाळण्यात आलं, असं 'सई'बद्दल म्हणतात. बारशाच्या याद्यांमध्ये त्याचा अर्थ कुठे 'मैत्रीण', कुठे 'आठवण', तर कुठे 'एक फूल' असा दिलेला दिसतो. यातलं खरं काय? आणि सईबाईंच्या आधी हा शब्द होता का?

जुनंपानं :
फूल काढून टाका. जाई, जुई, सायली यांच्या ओळीत कानाला बसतं, तेवढ्यावरून कुणीतरी ते चिकटवलेलं आहे. 'सायली'शीही सईचा काही संबंध नाही.

शब्द 'सखी'वरून आला. महाराष्ट्री प्राकृतात दोन स्वरांच्या मधे सापडलेल्या ख, घ, थ, ध, भ यांचा साधारणपणे ह होतो. मुख–मुह, मेघ–मेह. 'लिख्'चं 'लिह्' झालं, म्हणून आपण आजही 'लिहितो'. त्याच वाटेनं सखी–सही. हालाच्या गाथासप्तशतीत बाई मैत्रिणीशी बोलते तेव्हा 'सहि' अशी हाक वारंवार येते. मराठीत येईपर्यंत तो ह गळला आणि सई उरली. म्हणजे शब्द सईबाईंच्या किती तरी आधीचा.

एक खाचखळगा आहे. प्राकृतात 'सई' असाही शब्द आहे, पण तो 'सती'चा. स्वरांमधला त तिथे सरळ गळतो. त्याच गाथांमध्ये 'असई' भेटते, ती असती. त्यामुळे प्राकृत कोश उघडून 'सई = पतिव्रता' असा अर्थ उचलणारे फसतात. मराठी सई त्या घरची नव्हे. पुरावा अनेकवचनात आहे. 'सया जमल्या' म्हणजे मैत्रिणी जमल्या; 'पतिव्रता जमल्या' असा अर्थ मराठीत कुणी लावत नाही.

वेलांटी :
मग 'आठवण' हा अर्थ कुठून आला?

जुनंपानं :
तो 'सय'चा. स्मृति – प्राकृत सइ – मराठी सय. 'माहेराची सय आली' म्हणतो तो हा शब्द. दोन्ही स्त्रीलिंगी, उच्चाराला शेजारी, आणि मैत्रीण म्हटलं की आठवण आलीच, म्हणून लोक एकमेकांत मिसळतात. व्युत्पत्ती मात्र वेगळ्या. दिग्दर्शिका सई परांजपे यांनी आपल्या आत्मकथनाला 'सय' नाव दिलं, त्यातली खुमारी दोन शब्द वेगळे आहेत म्हणूनच. एकच असते तर श्लेष कसला?

तिसरा शेजारी 'सही'. हा अरबी 'सहीह', फारसीमार्गे आलेला, 'बरोबर, खरं' या अर्थाचा. कागद खरा असल्याची खूण म्हणून हस्ताक्षर, आणि हल्ली कॉलेजात 'एकदम सही!' बोलीत त्याचाही ह गळतो आणि 'इथं सई करा' असं ऐकू येतं. सखीचा ह शतकांपूर्वी गेला, सहीचा आपल्या डोळ्यांदेखत जातो आहे, आणि उरतं दोन्हीकडे तेच. बोलताना खपतं, लिहिताना नको.

'सईसांज' मात्र बाजूला ठेवा. तिचा अर्थ तिन्हीसांज एवढाच. मैत्रीण तिथे बसत नाही.

आडवी रेघ :
नावाच्या इतिहासाबद्दल थोडं. सईबाई फलटणच्या निंबाळकरांच्या. शिवाजी महाराजांशी विवाह १६४० चा, संभाजीराजांचा जन्म पुरंदरावर १४ मे १६५७ ला आणि सईबाईंचं निधन राजगडावर ५ सप्टेंबर १६५९ ला. हे सगळ्यांना ठाऊक असतं. ज्याकडे लक्ष जात नाही ते असं की त्यांच्या एका मुलीचं नाव सखुबाई. ती पुढे सईबाईंचे भाऊ बजाजी यांच्या मुलाला, महादजीला दिली. आई सई आणि लेक सखू! दोन्ही नावं 'सखी'चीच. एकीत ख झिजून संपला, दुसरीत तसाच राहिला आणि शेवटी लाडाचा ऊ लागला.

आता पुढची साडेतीनशे वर्षं बघा. सखूला कऱ्हाडच्या संत सखूचं पुण्य पाठीशी होतं, ओवी-अभंगात जागा होती, तरी ते नाव परत आलं नाही. सई आली. माझ्या मते कारण अर्थात नाही, शेवटच्या स्वरात आहे. सखू, ठकू, गंगू, बकू या ऊकारान्त हाका शहरी कानाला नाटकातल्या मोलकरणीच्या वाटू लागल्या, आणि एकदा तसा शिक्का बसला की संताचं नावही सुटत नाही. आकारान्त-ईकारान्त छोटी नावं – रमा, उमा, मुक्ता, सई – त्यातून वाचली. त्यांना मागचा 'बाई' काढून टाकला तरी चालतं. 'सखुबाई'मधला 'बाई' काढला तर उरतं ते पुन्हा हाक मारल्यासारखंच.

वेलांटी :
पण सई हे नाव मधल्या काळात पूर्ण गेलं होतं का?

आडवी रेघ :
पूर्ण नाही. सई परांजपे १९३८ च्या. वडील रशियन, नाव अस्सल मराठी. त्या पिढीत ते विरळ होतं एवढंच. पुढे सई ताम्हणकर १९८६ च्या, त्यानंतरच्या सया तुम्ही स्वतःच मोजा.

माझं निरीक्षण असं की नाव वर आलं ते शब्द खाली गेल्यामुळे. जात्यावरच्या ओव्या आणि मंगळागौरीचे खेळ रोजच्या जगण्यात होते तोवर 'सये' ही कुणालाही मारायची हाक होती. गडणी, सई, सोबतीण यांची जागा 'मैत्रिणी'नं घेतली आणि सई रोजच्या बोलण्यातून सुटली. रोजचं सामान्यनाम मुलीला ठेवायला अवघड जातं. 'मैत्रीण' असं नाव कोण ठेवेल? शब्द जुना झाला, गोड उरला, तेव्हा तो विशेषनामाला मोकळा झाला. सईबाईंचं स्मरण त्याला मान देतं, पण नुसतं राणीचं नाव असणं पुरत नाही. तसं असतं तर वर्गात पुतळा आणि सकवारही बसलेल्या दिसल्या असत्या.

वेलांटी :
व्याकरण? 'सयीला' असं लिहिलेलं पाहिलं.

जुनंपानं :
चूक. बाई, ताई, सुई यांच्यासारखंच चालवा. सईला, सईने, सईचा, सईशी. मूळ नावात य नाही, तो मधेच आणू नका. अनेकवचनात मात्र य येतो: बाई–बाया, सुई–सुया, सई–सया, सयांना, सयांनो. संबोधन 'सये' हे सामान्यनामाचं. माणसाला हाक मारताना नुसतं 'सई'. 'सये' म्हटलंत तर कविता सुरू झाल्यासारखी वाटते. आणि 'सायीचा' हा दुधावरच्या सायीचा. आजीनं नातीला दुधावरची साय म्हणावं, पण नातीचं दप्तर 'सईचं'च.

उच्चार दोन अक्षरी: स – ई. लघु, गुरु, तीन मात्रा. 'सै' असा एका झटक्यात नाही.

टंकाळा :
आणि गाडी नेमकी इथेच अडते. रोमन अक्षरांत एस-ए-आय लिहिलं की महाराष्ट्राबाहेर ते 'साई' वाचलं जातं. ते वेगळं नाव, 'स्वामी'वरून 'साँई'. आंध्र-तेलंगणात ते मुलग्यांच्या नावात सर्रास असतं. त्यामुळे मुलीला 'श्री' लागण्यापासून सुरुवात होते. एस-ए-ई-ई किंवा एस-ए-आय-ई-ई लिहिलं तर शेवटचा ई दीर्घ असल्याचं निदान कळतं. अभिनेत्री सई मांजरेकर दुसरं रूप वापरतात. कुठलंही निवडा, पण एकच आणि जन्मदाखल्यापासून.

जन्माची नोंद नावाशिवायही होते. नोंदणीपासून १२ महिन्यांत नाव घातलं तर शुल्क नाही. पुढे १५ वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून घालता येतं. त्यामुळे बारशाच्या घाईत अर्ज देण्यापेक्षा रोमन रूप घरात ठरवून मग द्या. दाखला मराठी-इंग्रजी दोन्हीत असतो. छापण्याआधी दोन्ही ओळी वाचा. आधारच्या वेळी इंग्रजी नाव टाकलं की मराठी नाव यंत्र आपोआप सुचवतं आणि हमखास 'साई' येतं. पावतीवर सही करण्याआधी पडद्यावरच ते दुरुस्त करून घ्या, कारण पुढची प्रत्येक कागदपत्रं त्यावरूनच निघतात. पासपोर्टवर नाव रोमन लिपीतच असतं. तिथे देवनागरी मदतीला येत नाही.

वेलांटी :
राशीचं अक्षर बघणाऱ्यांसाठी?

आडवी रेघ :
'स' सा-सी-सू मध्ये धरतात. नक्षत्र शततारका, रास कुंभ.

वेलांटी :
एक शेवटचं. शाळेच्या संगणकातल्या यादीत 'सई' शोधलं की एक नाव सापडतच नाही, डोळ्यांना मात्र ते स्पष्ट 'सई' दिसतं.

टंकाळा :
जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणलेली यादी असणार. जुन्या फाँटांत ई म्हणजे 'इ' आणि वर रफार अशी दोन तुकड्यांची जोडणी असायची. रूपांतर करताना तो रफार खरा र् ठरतो आणि ई ऐवजी 'र्इ' येतं. 'आई', 'भाई', 'मुंबई' यांचंही तेच होतं. दिसायला जवळपास सारखं, पण शोधायला वेगळं. तपासणी सोपी आहे. नावाच्या शेवटी कर्सर ठेवा आणि मागे पुसायची कळ एकदाच दाबा. नुसता 'स' उरला तर ठीक. 'सर्' उरलं तर सगळ्या यादीत 'र्इ'च्या जागी 'ई' घालून घ्या. आणि हे करताना 'स' नंतर नवी ई टाइप करायला 'साई'सारखं एस-ए-आय दाबू नका. बऱ्याच उच्चारानुसारी कळफलकांवर त्यातून 'सै' उमटतं.