उष्टावणानंतर बाळाला डाळीचे पाणी द्यावे की डाळ?

प्रश्न (सातारा):
माझ्या मुलीला पुढच्या आठवड्यात सहा महिने पूर्ण होत असून तिचे उष्टावण ठरले आहे. ती मान नीट धरते, आधार दिला की बसते आणि आमच्या ताटाकडे झेपावते. सासूबाईंच्या मते पहिला महिनाभर मुगाच्या डाळीचे पाणी आणि पेज एवढेच द्यावे, कारण घट्ट अन्न घशात अडकते. अन्न नेमके किती घट्ट असावे? मध चाटवावा का?

उत्तर १:
डाळीचे पाणी नको, डाळच द्यावी. बाळाचे पोट एवढेसे असते; ते निवळीने भरले की दूधही कमी प्यायले जाते आणि अन्नही जात नाही. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा या सुमारास सरत येतो आणि आईच्या दुधातले लोह पुरत नाही, म्हणून डाळ भांड्यात ठेवून तिचे पाणी पाजणे मला अजिबात पटत नाही. मऊ भात आणि घट्ट वरण चमच्याच्या पाठीने मोडून, वर थोडे तूप घालून असे कालवावे की चमचा तिरका केला तरी घास ओघळून जाऊ नये. सुरुवातीला दिवसातून दोनदा दोन-तीन चमचे पुरेत. अंगावरचे दूध चालूच ठेवावे. वर्षापर्यंत मीठ-साखर घालू नये. मध तर बोटभरही नको, कारण त्यातील बोट्युलिझम या गंभीर आजाराचे जिवाणू बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करू शकतात.

उत्तर २:
सासूबाईंची काळजी रास्त आहे, फक्त उबळ आणि गुदमरणे यांतला फरक घरात सर्वांना ठाऊक हवा. उबळ आली की बाळ खोकते, आवाज करते आणि घास पुढे ढकलते. गुदमरलेल्या बाळाचा मात्र आवाजच बंद होतो. अशा वेळी त्याला हातावर पालथे, डोके खाली करून धरावे आणि तळहाताने खांद्यांच्या मधोमध पाच थापा माराव्यात. तरीही घास न निघाल्यास उताणे करून छातीच्या मध्यावर एका तळहाताच्या मनगटाजवळील भागाने पाच दाब द्यावेत आणि 108 ला फोन करावा. बाळाला नेहमी बसवूनच भरवावे. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षे देऊ नयेत. शेंगदाण्याचे अगदी बारीक कूट वरणात मिसळून लवकर सुरू करणे मात्र चांगले, त्याने शेंगदाण्याच्या ॲलर्जीचा धोका कमी होतो. अंगावर तीव्र इसब असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. नाचणीचे सत्त्व चालेल ना?

उत्तर १:
जरूर चालेल, तेही घट्ट शिजवून. त्यातून कॅल्शियम मिळते. लोहासाठी मात्र तेवढ्यावर विसंबू नये. सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा 1 मिली लोहाचे औषध सरकारी कार्यक्रमातून मिळते, त्याबद्दल आशाताईंकडे चौकशी करावी.