लाइटचे कनेक्टर नीट बसलेत का, हे तपासायचं कसं?

जुळे_सोलापूर:
नमस्कार मंडळी. स्वयंपाकघरात नवा पॉइंट काढताना वायरमनने पॅसेजमधल्या जंक्शन बॉक्समधले पीळ मारून टेप गुंडाळलेले जुने जॉइंट कापले आणि कनेक्टर टाकले. काही खटक्याचे पारदर्शक आहेत, काही पांढरी स्क्रूची पट्टी असते ना, तसले. टेस्टर लावला, लागला, झालं म्हणून ते गेले.

आता गिझर चालू केला की पॅसेजमधला बल्ब मिचमिचतो. एमसीबी (बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच) पडत नाही. सासूबाई म्हणतात, बॉक्सजवळ जळका वास येतो. मेन बंद करून यांनी मल्टीमीटर लावला, तर सगळीकडे बीप वाजतोय. मग जॉइंट चांगले आहेत असं धरायचं का? नसेल तर कनेक्टर खरा तपासतात कसा?

वायरिंगवाले_काका:
ताई, आधी गिझर बंद ठेवा. वास येतोय म्हणजे कुठेतरी इन्सुलेशन भाजायला लागलंय. एमसीबी पडला नाही यात दिलासा मानू नका. तो जास्त करंट गेला की पडतो, आणि ढिल्या जॉइंटमधून करंट नेहमीइतकाच जातो. आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीकडे गळला की लाइन तोडणारा स्विच, बसवला असेल तर तोही गप्पच राहील, कारण इथे करंट गळत नाहीये.

आता तपासणीचं. टेस्टरमधला निऑन इतक्या कमी करंटवर पेटतो, की तारेचा एक धागा जरी चिकटलेला असला तरी तो लागतो. बीपचंही तसंच. पुष्कळ मीटर ३०-४० ओहमपर्यंत वाजतात. मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना लावून बघा की, आकडा ०.२ ते ०.४ ओहम दाखवेल. तो नुसत्या मीटरच्या वायरींचा. जॉइंट ०.१ ओहमचा झाला असला तर यात कुठे दिसणार? पण २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास घेतो. तेवढ्या करंटला त्या ०.१ ओहमवर साडेसात वॅट उष्णता नखाएवढ्या धातूत तयार होते. साधी पीव्हीसी वायर ७० अंशांपर्यंत चालते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४३-४४ असतं, माळ्यावर त्याहून जास्त. जॉइंट तापायला मोकळीक राहते ती २५ अंशांची. म्हणून मी म्हणतो, जॉइंट बघायचा तो लोड टाकूनच.

पण सुरुवात मेन बंद करून. बंद झालंय याची खात्री टेस्ट लॅम्पने करा, तीही आधी चालू पॉइंटवर लॅम्प पेटवून बघून. मग एकेक वायर धरून जोरात ओढा. निसटली तर तिथेच उत्तर मिळालं. खटक्याच्या कनेक्टरमध्ये तांबं आतपर्यंत पोचलंय का ते पारदर्शक प्लास्टिकमधून दिसतं. बहुतेकांना ११ मिलिमीटर सोललेली तार लागते, आणि नेमकं माप कनेक्टरवर छापलेलं असतं. कमी सोलली की पकड टोकाला लागते, जास्त सोलली की उघडं तांबं बाहेर राहतं. स्क्रूच्या पट्टीत दुसरंच दुखणं असतं. वायर जास्त आत जाते आणि स्क्रू तांब्याऐवजी इन्सुलेशनवर आवळला जातो. हाताला घट्ट लागतो, पण टेकतो कशावर? शिवाय स्वस्तातली पट्टी असेल तर स्क्रू काढून आतल्या नळीला लोहचुंबक लावा. चिकटला तर पितळ नाही, ती फेकून द्या.

यानंतर लोडवरची चाचणी. ही लायसन असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या, घरच्यांनी चालू लाइनवर हात घालायचा नाही. गिझर चालू ठेवून जॉइंटच्या अलीकडे एक पिन, पलीकडे एक, मीटर एसी व्होल्टवर. सुरुवात मोठ्या रेंजवर, कारण जॉइंट तुटलेला असेल तर तिथे पूर्ण २३० येतात. मग मिलिव्होल्टवर उतरायचं. चांगल्या कनेक्टरवर काही मिलिव्होल्टच दिसतात. अर्धा व्होल्ट पडला तरी तो जॉइंट मी ठेवत नाही.

आणि कुठे शोधायचं? गिझर आणि तो बल्ब, दोघांना मिळून जो जॉइंट आहे तिथेच. माझा पहिला संशय न्यूट्रलवर, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीवर. लोक फेज जपून जोडतात आणि न्यूट्रल उरकतात. करंट मात्र दोन्हींतून सारखाच जातो.

लूम_मेंटेनन्स:
काकांना दुजोरा. आमच्याकडे यंत्रमागाच्या थरथरीने स्क्रू सुटतात, म्हणून मल्टिस्ट्रँड (बारीक धाग्यांच्या) वायरला थिंबल, म्हणजे टोकावर दाबून बसवायची धातूची टोपी, दाबल्याशिवाय स्क्रूखाली घालत नाही. टोकाला सोल्डर लावून आवळू नका. सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरतं आणि पकड सुटते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या जुन्या घरांत अजून ॲल्युमिनियमची वायर सापडते. ती तांब्याच्या वायरीसोबत साध्या पट्टीत कधीच जोडायची नाही.

जुळे_सोलापूर:
काका, ओळखीतल्या लायसनवाल्या वायरमनदादांना बोलावलं. न्यूट्रलच्या पट्टीवर गिझर चालू असताना १.४ व्होल्ट पडत होते. उघडली तर स्क्रू इन्सुलेशनवरच आवळलेला, प्लास्टिक तपकिरी झालेलं. तिथे खटक्याचा कनेक्टर टाकला, आता ९ मिलिव्होल्ट दाखवतोय. बल्ब स्थिर आहे. वायरीचं टोक मात्र काळं पडलंय, ते तसंच आत घातलं. चालेल ना?

वायरिंगवाले_काका:
नाही चालणार, ताई. तापून काळं पडलेल्या तांब्यावर ऑक्साइडचा थर असतो, आज ९ दाखवतंय ते वाढत जाईल. चकचकीत तांबं आणि मऊ इन्सुलेशन लागेपर्यंत मागे कापा. वायर आखूड पडली तर त्याच जाडीचा तुकडा कनेक्टरने जोडा, ताणून बसवू नका. मग गिझर अर्धा तास चालवून पुन्हा मोजायला सांगा, आणि बॉक्समधल्या बाकीच्या पट्ट्याही त्याच वेळी उघडून घ्या. पाण्याच्या मोटरीची लाइन तिथूनच गेली असेल तर ती सर्वांत आधी. मोटर सुरू होताना कितीतरी पट करंट ओढते.