लोकसंख्या कमी म्हणून गावात गाडी येत नाही का? (मंगळवेढा तालुका)

मालदांडी_ज्वारी:
राम राम मंडळी. आमचं गाव मेन रोडच्या फाट्यापासून 4 किमी आत. आधी एसटीची मुक्कामी गाडी यायची, रात्री साडेआठला देवळापुढं लागायची न सकाळी सहाला पोरं, दुधाची कॅनं, दवाखान्याचे म्हातारे सगळं घेऊन निघायची. कोरोनात बंद झाली ती झालीच. आता कॉलेजच्या पोरी फाट्यापर्यंत चालत, नाहीतर वडापच्या जीपमधी कोंबून. पारावर एकजण म्हणला आपली लोकसंख्याच कमी, म्हणून गाडी नाही. 2011 च्या जनगणनेत गाव हजाराच्या आत दाखवलंय खरं, पण नुसती मतदार यादीच जवळपास तेवढी भरते, मग बारकी पोरं गेली कुठं? लोकसंख्येवर गाडी ठरते का, कुणाला माहितीय?

रिटायर_वाहक:
लोकसंख्येवर नाही ओ, भारमानावर. म्हणजे सीटा किती न माणसं किती. मी अशाच एका गावाला मुक्कामी जायचो, सकाळी उभं राहायला जागा नसायची आणि दुपारच्या फेरीला मी न ड्रायव्हर दोघंच गप्पा मारत. दिवसाची गोळाबेरीज काढली की फेरी तोट्यात. आणि सगळ्या बायका-म्हातारेच बसतात म्हणून परवडत नाही असं कुणी म्हणलं तर ऐकू नका, 75 च्या पुढच्यांना 2022 पासून फुकट आहे न महिलांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट, पण त्या सवलतीचे पैसे सरकारनं भरून द्यायचे असतात. अजून एक, गाडी वळवायला जागा आहे का? देवळापुढं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या लावल्या असतील तर रात्री अंधारात रिव्हर्स घेताना ड्रायव्हरचा जीव जातो.

खडू_फळा:
मी 2011 ला प्रगणक होतो, म्हणून बारक्या पोरांचं मी सांगतो. मोजणी 9 ते 28 फेब्रुवारी. तुमच्याकडची ऊसतोडीची माणसं दिवाळीनंतर जातात ती पाडव्याच्या आसपास येतात, बरोबर? नियम असा होता की त्या दिवसांत पूर्ण वेळ बाहेर असलेला माणूस घरी धरायचा नाही, जिथं आहे तिथं मोजायचा. मी एका वस्तीवर गेलो तर ओळीनं पाच घरांना कुलपं, सहाव्यात एक आजी न दोन शेळ्या. पोरं आईबापासंगं उसाच्या फडावर, कोपीत म्हणजे झोपडीत. मतदार यादीतलं नाव मात्र गावातच राहतं. पुढची मोजणी पण फेब्रुवारी 2027 लाच ठरलीय, म्हणजे परत तेच.
गाडी ह्यावर ठरत नसली तरी रस्ता ठरतो. पंतप्रधान ग्रामसडकच्या चौथ्या टप्प्याला आपल्यासारख्या सपाट भागात 500 लोकवस्ती लागते, तीपण 2011 च्या आकड्यानं. आणि जनगणनेच्या पुस्तकात गावात बस नसेल तर नुसतं अक्षर टाकतात, 5 किमीच्या आत मिळत असली की 'ए'. तुमचं गाव 'ए'त. पावसाळ्यात काळ्या रानातनं चप्पल हातात घेऊन जाणाऱ्या पोरीला त्या 'ए'चा काय उपयोग.

सोलापुरी_पुण्यात:
गाडी आली तरी तुमची पोरं बाईकवरच जाणार. आमच्या गावात हेच झालं, गाडी रिकामी न फाट्यावर पन्नास मोटरसायकली.

मालदांडी_ज्वारी:
@सोलापुरी_पुण्यात पोरं जातील हो, पोरींना कोण देतंय बाईक. बारावीपर्यंत पास फुकट आहे, पण गाडीच नाही तर पास काय देव्हाऱ्यात ठेवायचा?

रिटायर_वाहक:
मग असं करा, लोकसंख्या लिहूच नका अर्जात. ग्रामसभेचा ठराव घ्या आणि संगं यादी जोडा, कॉलेजची पोरं किती, कुठल्या वेळेला जातात, परत कधी येतात. आगारात आकडा बघतात, रडगाणं नाही. आणि मुक्कामीच पाहिजे म्हणून अडून बसू नका, सकाळ-संध्याकाळ दोन फेऱ्या मागा, दुपारची सोडून द्या.

मालदांडी_ज्वारी:
काका, काल रात्री बसून यादी काढली. अकरावीच्या पुढच्या पोरी 14, पोरं 9, आणि दर सोमवारी बाजाराला जाणाऱ्या बायका वेगळ्याच. खडू_फळा सर, ऊसतोडीची 20-22 घरं पण लिहून ठेवलीत. ठराव होईल. ट्रॉल्यांचं तेवढं अवघड आहे, त्यातली एक आमचीच आहे.