टर्बाइनशिवायही वीज निघते
"उष्णतेची वीज करायची तर आधी पाणी उकळून टर्बाइन फिरवावंच लागतं," असं बरेचजण म्हणतात. बहुतेक ठिकाणी खरंय, पण सगळीकडे नाही. दोन वेगळ्या धातूंच्या तारा दोन्ही टोकांना जोडून एक सांधा तापवला नि दुसरा गार ठेवला, की प्रवाह वाहतो. हे १८२१ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ सीबेकला दिसलं. गंमत म्हणजे शेजारची होकायंत्राची सुई हलली म्हणून तो याला चुंबकत्वच समजून बसला!

१९७७ साली निघालेल्या व्हॉयेजर अंतराळयानांना वीज मिळते ती अशीच. त्यातलं प्लुटोनियम-२३८ हे किरणोत्सारी द्रव्य आपसूक तापत राहतं, जनित्रात फिरणारं काही नाही. पण सुमारे ७००० वॅट उष्णतेतून सुरुवातीलाही जेमतेम ४७० वॅट वीज निघायची. औष्णिक केंद्र त्याच उष्णतेतून साधारण पाचपट काढतं, म्हणून टर्बाइन काही हटत नाही.

आणि गॅसच्या ओव्हनची ज्योत विझली की गॅस आपोआप बंद होतो ना? बऱ्याच ओव्हनांत ज्योतीत असाच सांधा असतो. त्याची काही मिलिव्होल्टची वीज झडप उघडी धरते. सांधा गार पडला की स्प्रिंग ती लावून टाकते. सेलसुद्धा लागत नाही.