नव्या वादकांना 'तासणं' ही शिस्त नव्हे

गोदाकाठ: काल इथं एकानं लिहिलंय, "ढोल पथकात नवं पोरगं पहिले पंधरा दिवस तासल्याशिवाय वादक होत नाही. ज्यांना दादागिरी वाटते त्यांनी लेकरं घरी ठेवावीत." तासणं म्हणजे उठाबशा, ओझी आणि टोमण्यांनी नव्याला नमवणं. वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

शिस्त सगळ्यांना सारखी असते आणि कामाशी बांधलेली असते. उशिरा आला की पहिला फेरा वाजवायचा नाही, मग तो आज आलेला असो की सहा वर्षं जुना. तासणं मात्र ठरावीक लेकरावर पडतं, रोज पडतं, आणि त्याला उलटून बोलायची सोय नसते. नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी शाळांतल्या छळाची हीच तीन लक्षणं सांगितली: मुद्दाम करणं, वारंवार करणं आणि ताकदीत तफावत असणं.

वाजवताना छळ होत नाही, तेव्हा सगळ्यांचं लक्ष ताशाकडं असतं. तो होतो दोऱ्या आवळताना, टेम्पोत ढोल चढवताना, पाण्याच्या जारपाशी आणि सराव सुटल्यावर गाड्या निघेपर्यंतच्या वीस मिनिटांत. वीस लिटरचा जार म्हणजे वीस किलो. तो रोज एकच चौदा वर्षांचं लेकरू उचलतं आणि पाणी प्यायला शेवटी उभं राहतं. त्याच्या तळहातावर फोड आलेत हे माहीत असूनच त्याला जाड टिपरू (ढोल वाजवायची काठी) दिलं जातं.

म्हणून सरावाच्या अर्धा तास आधीपासून शेवटचं लेकरू जाईपर्यंत दोन मोठी माणसं मैदानावर पाहिजेत. जार, दोऱ्या, टेम्पो यांची पाळी भिंतीवर लिहून लावा, प्रत्येक पाळीत दोन जुने आणि दोन नवे. तक्रार ऐकायला दोघे ठेवा, त्यात एक बाई असावी आणि ताल शिकवणारा त्यात नसावा. कारण तक्रार केली तर पुढच्या रांगेतून मागं जाईन, ही प्रत्येक लेकराची भीती असते.

मांजराकाठ: काय बोलायलाव तुम्ही? पथक म्हणजे बालवाडी नाही. विसर्जनाच्या दिवशी कमरेला ढोल बांधून सहा-सात तास चालावं लागतं. सरावात कस लागला नाही तर पोरगं चौकात खाली बसतं आणि सगळी रांग मोडते. पाळीचं बोलायचं तर दोरी आवळणं नव्याच्या हातात देता येत नाही. एका बाजूनं जास्त ओढली की पान, म्हणजे ढोलाचा वाजवायचा पडदा, तिरकं ताणतं, आवाज फुटतो, कधी पानच फाटतं. ते पैसे कोण देणार? आणि उठाबशा काढून आजवर कोणाचं वाकडं झालं?

नळदुर्गी: उठाबशांचं उत्तर मी देते. सवय नसलेल्या लेकरानं एका दमात शेकडो उठाबशा काढल्या की मांड्यांच्या स्नायूंच्या पेशी फुटतात. त्यांतलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडात अडकतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या सुजतात, जिना उतरवत नाही, लघवी काळ्या चहासारखी होते. अशा वेळी घरी तेल चोळत बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. श्रावणातला दमट उकाडा असेल आणि जार शेवटी मिळत असेल, तर धोका आणखी वाढतो. दम वाढवायचाच असेल तर पहिल्या आठवड्यात ढोल बांधून वीस मिनिटं चालवा, मग दर आठवड्याला दहा-दहा मिनिटं वाढवा. त्याला शिक्षा लागत नाही.

मांजराकाठ: बरं, उठाबशा बंद करा, एवढं मानतो. पण आता टोपणनावंसुद्धा बंद करा म्हणायलेत काही जण, ते मान्य नाही. आपल्याकडं काळ्या, बारक्या, ढोल्या म्हटल्याशिवाय हाकच पूर्ण होत नाही. त्यात जीव असतो.

टिपरू: जीव कोणाचा असतो, हाक मारणाऱ्याचा का ज्याला मारली त्याचा? ओळखायच्या खुणा साध्या आहेत. नव्या माणसाला ओळख करून देताना ते लेकरू स्वतः ते नाव सांगतं का? त्याची आई मैदानावर आल्यावर तुम्ही तीच हाक मारता का? आणि सगळ्यात बारक्या वादकाला पथकप्रमुखाला तसंच नाव ठेवता येतं का? तिन्हीला 'नाही' असेल तर तो जीव नाही, तो टोमणा आहे. बोबडं बोलणाऱ्याची नक्कल करून ठेवलेलं नाव तर कायमचं चिकटतं. ते लेकरू हळूहळू तोंडच उघडत नाही, आणि मग "हा घुम्या आहे" म्हणून दुसरं नाव पडतं.

बालाघाट: आणि आडनावाचं काय? ते कोणीच बोलत नाही. "आडनाव काय रे?" विचारून ढोल वाटले जातात, ध्वज कोणी धरायचा ते ठरतं, पाण्याचा ग्लास वेगळा होतो. वर त्याला चेष्टा म्हणायचं! अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला लोकांसमोर जातीवरून शिवी देणं हा 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. मैदान ही लोकांसमोरचीच जागा आहे. हे पहिल्या दिवशी सगळ्यांना बसवून स्पष्ट सांगा. हजेरीत फक्त पहिलं नाव लिहा, दोन सारखी असतील तर वडिलांच्या नावाचं अक्षर जोडा.

मांजराकाठ: जातीवरून बोलणाऱ्याला आम्हीही उभं करत नाही, तुम्ही सगळ्या पथकांना एका सुपात पाखडू नका! इथं विषय बारक्या-ढोल्याचा होता.

बालाघाट: विषय तोच आहे. ढोल्यावर हसायची सवय लागली की पुढची पायरी सोपी जाते. आणि "आम्ही करत नाही" एवढ्यावर नव्या लेकरानं विश्वास का ठेवावा? भिंतीवर लिहिलंय का?

गोदाकाठ: दोघंही जरा दमानं घ्या. नावांवर बोलता बोलता मूळ गोष्ट मागं पडली. तक्रार आल्यावर काय करायचं? बहुतेक पथकांत दोघांना समोरासमोर उभं करतात आणि "हात मिळवा, विषय संपला" म्हणतात. विषय तिथंच बिघडतो. ज्याच्या धाकानं लेकरू गप्प होतं, त्याच्याच डोळ्यांत बघून ते काय सांगणार? आधी त्या लेकराला वेगळं, पण दिसेल अशा जागी बसवून ऐका. तारीख, जागा, शब्द आणि बघणारे कोण होते ते लिहून घ्या. मग बघणाऱ्यांना एकेकटं विचारा आणि शेवटी त्रास देणाऱ्याला. दोघांच्याही घरी त्याच दिवशी सांगा. आठवड्यानं परत विचारा, महिन्यानं परत, कारण पहिल्या चार दिवसांत सगळे शहाण्यासारखे वागतात.

औसा रोड: एवढी भानगड कशाला? 1999 चा रॅगिंगविरोधी कायदा आहे ना महाराष्ट्रात. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. एकावर लावा, बाकीचे सरळ होतील.

नळदुर्गी: तो कायदा शैक्षणिक संस्थांसाठी आहे, गल्लीतल्या पथकाला लागत नाही. म्हणून तर पथकानं स्वतःचे नियम लिहिले पाहिजेत. अठराच्या आतल्या लेकरासाठी 1098 हा मदतीचा फोन नंबर मात्र कुठूनही लागतो. आणि एक गोष्ट नीट समजून घ्या: लेकराच्या अंगाला वाईट हात लावल्याचं कानावर आलं, तर ते 2012 च्या पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवावंच लागतं. "पथकाची बदनामी नको" म्हणून मिटवणाराही त्यात गुन्हेगार ठरतो. तिथं पथकानं चौकशी करत बसायचं नाही.

व्हॉट्सॲपचंही बघा. मुख्य ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येईल असं केलं तरी मुलींच्या फोटोंचे स्टिकर दुसऱ्याच ग्रुपवर बनतात. ते दिसले की मुलीला "डिलीट कर" म्हणू नका. नंबर आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट आधी ठेवा. पण ते स्टिकर अंगावरच्या कपड्यांशी खेळून घाणेरडे केलेले असतील तर ते पुढं कोणालाच पाठवू नका, अगदी पुरावा म्हणून तक्रार ऐकणाऱ्यांच्या ग्रुपवरसुद्धा नाही. फोन तसाच पोलिसांना दाखवा.

टिपरू: बघणाऱ्यांवर अजून कोणी बोललं नाही. त्रास देणारा एक असतो, हसणारे दहा, आणि त्याला बळ त्या हसण्यातून येतं. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठातला, शाळांतल्या छळाविरुद्धचा 'किवा' कार्यक्रम याच बघ्यांवर काम करतो. पोरांना भांडायला शिकवू नका, मार खाऊन येतील. "चल, तिकडं ढोल उतरवायचाय" म्हणून त्या लेकराला तिथून उचलायला शिकवा. एवढं बारा वर्षांच्या पोरालाही जमतं.

मांजराकाठ: हे जमण्यासारखं आहे. जारची आणि टेम्पोची पाळी लावायलाही हरकत नाही. दोरीची नाही, पान फाटतं ते फाटतंच. जुना ओढेल, नवा ढोल धरेल, तीन आठवड्यांनी हात बदलायचा. बारक्याला मात्र बारक्याच म्हणणार.

टिपरू: त्याला विचारून म्हणा. चारचौघांत नाही, एकटं गाठून विचारा.

गोदाकाठ: दोरीचं तुमचं बरोबर आहे, माझी पाळी तिथं चुकली. जारच्या यादीत पहिल्या सोमवारी पथकप्रमुखाचं नाव लिहा. विसर्जनाच्या दिवशी पाणी मिरवणुकीसोबत फिरतं, त्या दिवशीची पाळी कोण बघणार तेही आत्ताच ठरवा.