मदत हवी आहे: चांगला हात बांधून करायची थेरपी घरी जमते का? (सोलापूर)

नमस्कार. मुलगा तीन वर्षांचा आहे, उजव्या बाजूचा हेमिप्लेजिया, म्हणजे ती बाजू कमजोर. जन्माच्या सुमारास मेंदूत स्ट्रोक झाला होता, हे दीड वर्षाचा असताना एमआरआयमध्ये कळलं. एएफओ (घोट्याला आधार देणारा साचा) घालून चालतो, पायाचं फारसं टेन्शन नाही. हाताचं आहे. उजवी मूठ वळलेली, अंगठा आत. कडक भाकरी दिली तर हनुवटीखाली दाबतो आणि डाव्या हाताने मोडतो. उजवा मांडीवर पडून.

आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला नेते. वीस मिनिटं हात ताणतात, तेवढ्यात हा रडून घेतो, की संपलं. म्हणून रात्री मोबाईलवर वाचायला लागले. सीआयएमटी म्हणजे चांगला हात अडकवून कमजोर हाताकडून काम करून घ्यायचं. अमेरिकेत दोन ते आठ वर्षांच्या 118 मुलांवर चॅम्प नावाची चाचणी झाली, निकाल 2021 मध्ये आले. चार आठवड्यांत एका गटाला 60 तास, दुसऱ्याला 30. फायदा जास्त तासवाल्यांत ठळक दिसला.

60 तास! मी घरी टॉवेलला शिलाई मारते, रोज तीन तास आणू कुठून? तरी डाव्या हाताला मोजा बांधून बघितला. चार मिनिटांत दाताने ओढून काढला नि कोपऱ्यात जाऊन बसला. सासूबाई म्हणाल्या, "एक हात आधीच अधू, दुसरा पण बांधतीस होय?" काय बोलणार?

वर मिस्टरांना कुणीतरी स्टेम सेलच्या (मूळ पेशी टोचायच्या) उपचाराचं सांगितलंय. काही लाख. पतपेढीत चौकशी करून आलेत. कुणाचा अनुभव?

प्रतिसाद १
ताई, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी) आहे, रोजची कामं करायला शिकवते, लहान मुलांचंच काम करते. आधी पतपेढी थांबवा. 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सेरेब्रल पाल्सीत (लहानपणी मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालीत येणारा दोष, तुमच्या मुलाचा हेमिप्लेजिया त्यातलाच) स्टेम सेल फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात, आणि चाचणीत पालकांकडून पैसे घ्यायचे नसतात. लाखाचा आकडा आला तिथेच ओळखा.

नुसतं ताणल्याने हात कामाला लागत नाही. मुलाने स्वतः काहीतरी करायला हवं, त्याला हवं असलेलं, पुन्हा पुन्हा. पण मोजा बांधून एकटीने सीआयएमटी करू नका. चालणारं मूल पडताना हात टेकतं. थेरपिस्टने तपासून, ठरवून द्यायची गोष्ट आहे ती.

दुसरा रस्ता दोन्ही हातांचा, त्यालाही चांगला पुरावा आहे. 2024 मध्ये एक ते चार वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास आला, दोन आठवड्यांत 50 तास, सगळं खेळातून. तास तुम्हाला जमणार नाहीत, पण तत्त्व घ्या: एका हाताने होणारच नाही असं काम द्या. भाकरी हनुवटीखाली जाते ना, तिथून सुरू करा. उजव्याने धरायची, डाव्याने मोडायची. धरणं हेच त्या हाताचं काम. आणि शेंगा फोडायला सासूबाईंसोबत बसवा. (शेंगा तुम्ही आधी थोड्या चेपून द्या, नाहीतर वैतागेल. दाणा घशात अडकू शकतो, तेव्हा तोंडात टाकू देऊ नका.)

धागाकर्ती
ताई, काल चटणीच्या शेंगा घेऊन दोघं बसली. तासाभरात अकरा फोडल्या. उजव्या मुठीत शेंग सासूबाईच घालून देत होत्या, सुटली की परत. मोज्यावरून काही बोलल्या नाहीत. मिस्टर अजून पतपेढीवरच अडलेत, तुमचा प्रतिसाद त्यांना वाचायला दिलाय. जुळे सोलापूर किंवा होटगी रोडकडे लहान मुलांची ऑक्युपेशनल थेरपी कुठे चालते, कुणाला माहीत असेल तर सांगा.