घानाच्या आग्बाद्झामध्ये सम कुठे धरायची?

काठीवाला: मंडळी, ड्रमसेट शिकतोय, आधी थोडा तबला झालाय. सध्या घानातल्या एवे लोकांचं आग्बाद्झा, म्हणजे त्यांच्या नाचाचं ढोलांचं संगीत, रोज ऐकतोय, वेड लागलंय अक्षरशः. पण ती लोखंडी जोडघंटा, गांकोगुई, तिच्याबरोबर टाळी द्यायला गेलो की दोन-तीन आवर्तनांत घसरतोच आणि मोठा ढोल बोलायला लागला की संपलंच सगळं. मोजता कसं तुम्ही? आणि बाहेरच्या ड्रमर लोकांवर याचा खरंच एवढा परिणाम झालाय का?

बारामात्रा: घंटेवर टाळी देऊ नकोस, तिथेच सगळे फसतात, मी पण वर्षभर फसलो. १२ मात्रा धर, घंटा पडते १, ३, ५, ६, ८, १०, १२ वर. नाचणाऱ्यांचे पाय मात्र १, ४, ७, १० वर. म्हणजे घंटा आणि पाय एकत्र येतात फक्त १ ला आणि १० ला, मधले दोन ठोके तुझे तुलाच सांभाळायचे. आता सगळ्यात लहान ढोल ऐक, कागानू. तो पायाच्या ठोक्यावर गप्प बसतो आणि त्यानंतरच्या दोन मात्रा वाजवतो, प्रत्येक वेळी, न थकता. तो कानात बसला ना की पाय आपोआप सापडतो. आग्बाद्झात पुढारी ढोल सोगो, त्याला उत्तर देतो दुसरा ढोल, किडी, पण तिकडे नंतर जा. आधी उभा राहून चाल, तोंडाने घंटा म्हण, बसून जमत नाही हे.

लागोस७०: परिणामाचं विचारलंस म्हणून. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश १९७० ला घानात जाऊन एवे वादन शिकला, मलेरिया झाला म्हणून लवकर परतला आणि १९७१ पर्यंत ‘ड्रमिंग’ ही रचना लिहून पूर्ण केली. पण मला जास्त जवळचा टोनी अ‍ॅलन. नायजेरियाचा ड्रमर, १९६४ पासून तिथल्या गायक फेला कुटीबरोबर वाजवायचा. तो मॅक्स रोच, आर्ट ब्लेकी हे अमेरिकन जॅझ ड्रमर ऐकत वाढला, आणि ब्लेकी स्वतः चाळीसच्या दशकाच्या शेवटी पश्चिम आफ्रिकेत जाऊन आलेला, म्हणजे येणंजाणं दोन्ही बाजूंनी. अ‍ॅलनचा हाय-हॅट, स्नेअर, बेस ड्रम वेगवेगळे ऐक, एका माणसाने चार वादक बसवलेत असं वाटतं, कुणी कुणाच्या जागेवर पाय देत नाही. नुसती घंटेची पॅटर्न ड्रमसेटच्या राइड सिम्बलवर (मोठ्या झांजेवर) उचलून आणली की आफ्रिकन झालं असं समजणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

काठीवाला: @बारामात्रा रात्री गच्चीवर चालत म्हणून बघितलं. चौथ्या मात्रेला पाय पडतो आणि घंटा नाही, तिथे पहिल्यांदा पोटात गोळा आला पण पडलो नाही, वीसेक आवर्तनं सलग गेली!! कागानू डाव्या हाताने मांडीवर वाजवला की मात्र तोंडातली घंटा पुढे पळते. त्याला काय करू?

बारामात्रा: लय अर्धी कर. आणि घंटेचा १२ व्या मात्रेवरचा टोल जपून, तो पुढच्या १ ला खेचतो, तिथेच पळतोयस.